अडतीस टक्क्यांवर विझलेला फोन

जानेवारी २०२५. प्रयागला महाकुंभ भरला होता आणि तिथे स्नान करून निघालेली गर्दी काशीच्या गल्ल्यांत मावत नव्हती. मी ब्रह्माघाटाजवळ मामांकडे उतरलो होतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. मामांचा जन्म, शाळा, नोकरी सगळे तिथलेच. एके दिवशी सकाळी सातच्या सुमाराला आम्ही नावेने दशाश्वमेधाला गेलो. गंगेवर दाट धुके होते, पलीकडचा वाळूचा काठ दिसत नव्हता, बोटे गारठली होती. नाव घाटाला लागली. नावाड्याने क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला, मामांनी फोन काढून त्यावर कॅमेरा धरला आणि स्क्रीन काळी झाली. क्षणभरापूर्वी मी स्वतः पाहिले होते, बॅटरी अडतीस टक्के होती.

"परवा ते अपडेट केलं ना, तेव्हापासून हे असंच चाललंय," मामा म्हणाले. "आपण नवीन फोन घ्यावा म्हणून मुद्दाम करतात रे हे."

पैसे मी दिले, पण मामांचे ते वाक्य मनातून जाईना. हेच वाक्य मी पुण्यात रिक्षात ऐकले आहे, बँकेच्या रांगेत ऐकले आहे, घरी आईकडूनही ऐकले आहे. कोट्यवधी लोकांच्या मनात बसलेल्या या संशयाला एक खराखुरा इतिहास आहे. तो फार जुना नाही, जेमतेम दहा वर्षांचा. त्यात बॅटरीचे रसायन आहे, कारखान्यातल्या चुका आहेत, मोठ्या कंपन्यांनी धरलेले मौन आहे आणि चार देशांतले निवाडे आहेत. मामांचा संशय किती खरा आणि किती चुकीचा, हे त्यात शिरल्याशिवाय सांगता येत नाही.

दुपारी आम्ही दालमंडीत गेलो. चौकातून नई सडकेकडे जाणारी ही अरुंद गल्ली म्हणजे बनारसचा मोबाइलच्या सुट्या सामानाचा बाजार. (२०२५ च्या अखेरीस तिच्या रुंदीकरणासाठी पाडापाडी सुरू झाली, त्या दिवशी ती अजून गजबजलेली होती.) कपाटाएवढ्या दुकानात बसलेल्या कारागिराने फोन हातात घेतला, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फूल गई है, बाबूजी." गरम हवेच्या ब्लोअरने त्याने मागचे झाकण शेकले, फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली आणि डिंक सुटत गेला तसतशी ती हळूहळू चहूबाजूंनी फिरवली. आतली बॅटरी खरोखरच उशीसारखी फुगलेली होती.

मग त्याने जे केले ते मी कधी विसरणार नाही. उघड्याच फोनला त्याने थोडा वेळ चार्जर लावला, मग तो काढून फोन सुरू केला आणि मल्टिमीटरच्या दोन सुया बॅटरीच्या टोकांना टेकवल्या. आकडा ३.८ व्होल्टच्या आसपास होता. तब्येत ठणठणीत वाटावी असा आकडा. मग त्याने कॅमेरा उघडला आणि फ्लॅश लावला. आकडा घसरत घसरत तीनच्या जवळ आला आणि फोन बंद पडला. सुया तशाच धरून ठेवल्या होत्या. फोन विझताच आकडा पुन्हा वर चढला. "टंकी में पानी है," तो म्हणाला, "पर नल में जोर नहीं है."

या एका वाक्यात सगळी गोष्ट आहे. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते म्हणजे दोन गोष्टी होतात. एक, तिच्यात मावणारा साठा कमी होतो; हे आपल्याला समजते, कारण चार्जिंग लवकर संपते. दुसरी गोष्ट दिसत नाही. बॅटरीचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने, कॅमेऱ्याने किंवा फ्लॅशने एकदम जास्त वीज मागितली की त्या रोधामुळे व्होल्टेज कोसळते, आणि ठरावीक पातळीखाली गेले की फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. म्हणून काशीच्या जानेवारीत, धुक्यातल्या नावेत, अडतीस टक्के दाखवणारा फोन विझतो. आणि बॅटरीला म्हातारी करतो तो उन्हाळा. मे-जूनमध्ये बनारसचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि अशा उष्णतेत पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी सर्वांत लवकर झिजते. मामांची बॅटरी पाच उन्हाळ्यांनी झिजवली होती. तिचा शेवटचा तोल थंडीने घालवला.

मग अपडेटचे काय? त्यासाठी २०१६ सालात जावे लागते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हा फोन आणला. काही दिवसांतच तो पेट घेत असल्याच्या बातम्या आल्या आणि २ सप्टेंबरला कंपनीने जगभरातले सुमारे २५ लाख फोन परत मागवले. भारतात नेमकी त्याच दिवशी विक्री सुरू व्हायची होती, ती झालीच नाही. तरी परदेशातून फोन घेऊन येणारे प्रवासी होते, म्हणून ९ सप्टेंबरला आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात नोट ७ सुरू करण्यास आणि चार्ज करण्यास मनाई केली. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादन कायमचे थांबले. आणि इथे अपडेट या शब्दाला एक नवा अर्थ आला. कोरियात आधी असे अपडेट पाठवले गेले की फोन साठ टक्क्यांच्या वर चार्ज होऊ नये. डिसेंबरमध्ये अमेरिकेत जाहीर झाले की नवीन अपडेटनंतर उरलेले फोन चार्जच होणार नाहीत. कोणाच्या तरी खिशातला, पैसे देऊन घेतलेला फोन दूर बसून मारून टाकण्याची ही व्यवस्था होती. कारण योग्य होते, लोकांचे जीव वाचवायचे होते. तरीही व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने सुरुवातीला हे अपडेट पाठवायला नकार दिला. नाताळच्या सुट्टीत प्रवासाला निघालेल्या माणसाकडे दुसरा फोन नसेल, तर संकटात त्याने कोणाला हाक मारायची, असा तिचा सवाल होता. तो सवाल मला आजही योग्य वाटतो.

त्याच सुमाराला चीनमध्ये दुसरी तक्रार पुढे आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये चीनच्या ग्राहक संघटनेने ॲपलला विचारले की आयफोन ६ आणि ६एस पन्नास-साठ टक्के बॅटरी असतानाच अचानक बंद का पडतात? ॲपलने २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बनलेल्या काही ६एस फोनांच्या बॅटऱ्या फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. पण तक्रारी त्या दोन महिन्यांच्या मालापुरत्या नव्हत्या. जगभरातल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत होत्या, आणि दालमंडीतल्या कारागिराने मला जे दाखवले तेच सगळीकडे घडत होते.

२३ जानेवारी २०१७ ही तारीख या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी सोलमध्ये सॅमसंगने पत्रकारांना बोलावून नोट ७ का पेटला ते सांगितले. दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासून काढलेला निष्कर्ष होता: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी पट्टी वाकली होती, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे बारीक काटे राहून गेले होते. झाले ते वाईट होते, पण कारण उघडपणे मांडले गेले. आणि त्याच तारखेला ॲपलने आयफोनसाठी आयओएस १०.२.१ हे अपडेट सोडले. त्यात गुपचूप एक असा बदल घातला होता की बॅटरी कमजोर असेल तर प्रोसेसरचा वेग आपोआप कमी व्हावा, म्हणजे तो एकदम जास्त वीज मागणार नाही आणि फोन बंद पडणार नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीने सांगितले की ६एसच्या अचानक बंद पडण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांनी घटले. कसे घटले, हे सांगितले नाही. फोन हळू होईल, हेही सांगितले नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण लोकांच्या बोलण्यात ती उलटी झाली आहे. या अपडेटने बॅटरी खराब केली नाही. बॅटरी आधीच थकली होती. अपडेटने तिचा थकवा झाकला आणि त्याची किंमत वेगातून वसूल केली. तांत्रिकदृष्ट्या उपाय शहाणपणाचा होता. काशीच्या नावेत फोन बंद पडण्यापेक्षा तो जरा हळू चाललेला कोणालाही परवडेल. पण ज्याचा फोन हळू झाला त्याला कारण माहीत नव्हते. त्याला वाटले फोनच जुना झाला. थोड्या पैशांत नवीन बॅटरी घालून जे काम भागले असते, त्यासाठी लोक नवीन फोन घेत राहिले.

भारतात या प्रकाराचा घाव जास्त खोल होता. २०१७ च्या सुरुवातीला ॲपलने आयफोन ६ ची ३२ जीबीची आवृत्ती इथे ॲमेझॉनवर २८,९९९ रुपयांना आणली. हा फोन मुळात २०१४ चा. ६एसची जुळणी तर बंगळूरमध्ये २०१८ साली सुरू झाली, म्हणजे मूळ फोन येऊन तीन वर्षे होत आली तेव्हा. अमेरिकेत जो जुना फोन, तो आपल्याकडे पगारातून पैसे साठवून घेतलेला पहिला आयफोन होता. हाच फोन पुढे धाकट्या भावाकडे, मग वडिलांकडे, मग दालमंडीसारख्या बाजारात जातो. फोनला आपल्याकडे तीन-चार आयुष्ये असतात. म्हणून जुन्या फोनचे काय होते, हा प्रश्न इथे श्रीमंत देशांपेक्षा मोठा आहे.

गुपित फुटले ते डिसेंबर २०१७ मध्ये. एका सामान्य वापरकर्त्याने आपल्या हळू झालेल्या ६एसची बॅटरी बदलली आणि आधी-नंतरचे वेगाचे आकडे जाहीर केले: १४६६ चे २५२६ झाले होते. फोन तोच, सॉफ्टवेअर तेच, फक्त बॅटरी नवी. हे वाचून टोरोंटोच्या जॉन पूल यांनी आपल्याकडचे आकडे काढले. पूल यांच्या प्रायमेट लॅब्सची गीकबेंच ही फोनचा वेग मोजणारी चाचणी जगभर वापरली जाते, त्यामुळे असंख्य फोनांची मोजमापे त्यांच्याकडे जमा होती. १८ डिसेंबरला त्यांनी आलेख छापले. आयओएस १०.२ वरच्या ६एस फोनांचा आलेख एकच उंच शिखर दाखवत होता, म्हणजे जवळजवळ सगळे फोन एकाच वेगाने चालत होते. १०.२.१ नंतरच्या आलेखात त्या शिखराखाली छोटी छोटी शिखरे उगवली होती. झिजण्याने वेग कमी झाला असता तर उतार एकसारखा दिसला असता. ठरावीक पायऱ्यांवर फोन थबकले होते, याचा अर्थ कोणीतरी त्या पायऱ्या बांधल्या होत्या. आकड्यांनी केलेली ही साक्ष मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

दोन दिवसांनी ॲपलने कबुली दिली. २८ डिसेंबरला ग्राहकांची माफी मागणारे पत्र निघाले आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला मिळू लागली. भारतात हा दर साडेसहा हजारांवरून कर वगळून दोन हजार रुपये झाला. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारे पान आले आणि वेग कमी करणे बंद करण्याची मुभाही मिळाली. हे पान आज सर्वांना सवयीचे झाले आहे, पण ते कंपनीने आपण होऊन दिलेले नाही, लोकांच्या संतापातून ते मिळाले. लोकांनी त्या वर्षी इतक्या बॅटऱ्या बदलून घेतल्या की २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात महसूल अपेक्षेपेक्षा कमी राहण्याच्या कारणांत स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. चांगली बॅटरी मिळाली की लोक नवा फोन घेत नाहीत. मामांच्या संशयाला यापेक्षा मोठा पुरावा मी पाहिलेला नाही. हेतू कोणी सिद्ध केला नाही, परिणाम मात्र कंपनीच्याच हिशेबात उतरला.

पुढचा काळ न्यायनिवाड्यांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. सॅमसंगचा गुन्हा वेगळा होता: नोट ७ साठी बनवलेले अँड्रॉइड २०१४ च्या नोट ४ वाल्यांनाही घ्यायचा आग्रह धरला, जुन्या फोनला ते पेलेल का हे सांगितले नाही आणि मग बिघडलेल्या फोनच्या दुरुस्तीचे भरपूर पैसे लावले. फ्रान्समध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी करण्याविरुद्ध २०१५ पासून कायदा होता. तिथल्या एका नागरी संघटनेच्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलने अडीच कोटी युरो भरले. शिवाय आपली चूक महिनाभर स्वतःच्या संकेतस्थळावर छापून ठेवावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड ठरली, तीसहून अधिक राज्यांशी आणखी ११ कोटी ३० लाखांची. त्या पहिल्या तडजोडीतले पैसे ग्राहकांच्या हाती पडले जानेवारी २०२४ मध्ये, दर फोनमागे सुमारे ९२ डॉलर. त्या अपडेटनंतर सात वर्षांनी. दक्षिण कोरियात डिसेंबर २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सात तक्रारदारांना प्रत्येकी ७० हजार वॉन देण्याचा आदेश दिला. फ्रान्सचा निकाल नीट वाचला पाहिजे. दंड वेग कमी केल्याबद्दल नव्हता, ग्राहकाला न सांगितल्याबद्दल होता.

अपडेटची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर डोझ नावाची सोय आली. फोन टेबलावर पडून असला की पार्श्वभूमीवर चाललेली कामे ती झोपवून टाकते. त्यामुळे अनेक जुन्या फोनांची बॅटरी पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागली. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने आयफोन ११ च्या बॅटरीच्या तब्येतीचा चुकीचा दाखला दुरुस्त केला. आणि अपडेटनंतर पहिले दोन-तीन दिवस फोन गरम होतो, चार्जिंग भराभर उतरते, ते बहुतेक वेळा बिघाडामुळे नसते. फोन आतल्या आत फोटो पुन्हा चाळतो, शोधसूची नव्याने बांधतो, ॲप नव्या प्रणालीसाठी जुळवून घेतो. नव्या फोनला हे काम जाणवत नाही. पाच वर्षांच्या फोनला ते दम लागण्याइतके जड होते. थकलेल्या बॅटरीला अशा वेळी शेवटचा धक्का बसतो आणि दोष अपडेटच्या माथी जातो. मामांच्या फोनचे नेमके हेच झाले होते, असे दालमंडीतला कारागीरही म्हणाला.

मग अपडेट घेऊच नये का? तसे करून चालत नाही. नावाड्याला पैसे द्यायला यूपीआय लागते आणि बँकेचे पैसे ज्या फोनमध्ये आहेत त्याच्या सुरक्षेच्या भेगा बुजवल्याच पाहिजेत. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड किटकॅट वापरणाऱ्यांना निरोप दिला. अपडेट नाकारणारा माणूस हळूहळू गावाबाहेर पडतो. म्हणजे अपडेट ही आता निवड राहिलेली नाही, आणि म्हणूनच ते देणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते.

काशीत बसून हे सगळे आठवताना मला बापूदेव शास्त्री आठवले. १८२१ साली पुण्यात जन्मलेले हे ज्योतिर्गणिती काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवत. जुन्या ग्रंथांच्या गणिताने काढलेले ग्रहांचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान जुळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. काशीतून त्यांनी काढलेले पंचांग इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे तयार होई. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळक ज्या पंचांगशोधनाच्या वादात उतरले, तोच हा प्रश्न होता. जुन्या यंत्रणेत सुधारणा करायची तर सणवार बदलतात, लोक बिथरतात. पण ती सुधारणा छापून, कारण सांगून, नाव घालून केली गेली. ज्याला पटले त्याने नवे पंचांग घेतले, ज्याला पटले नाही त्याने जुने भिंतीवर ठेवले. आपल्या घराच्या भिंतीवरचे पंचांग रात्री झोपेत कोणी बदलून गेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र तेच घडत होते. ८ जानेवारीपासून गूगलने पिक्सेल ४ए या फोनवर आपोआप बसणारे अपडेट पाठवायला सुरुवात केली. हा फोन भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लिपकार्टवर आला होता, बॅटरी ३१४० एमएएचची. कंपनीने म्हटले की काही फोनांच्या बॅटरीची स्थिरता सुधारण्यासाठी हे आहे. ज्यांच्या फोनवर त्याचा परिणाम झाला त्यांची बॅटरी किती चार्ज होणार यावरच मर्यादा आली आणि सकाळी भरलेला फोन दुपारी मान टाकू लागला. बॅटरी बदलून देण्याची, काही पैसे देण्याची किंवा नव्या फोनवर सवलतीची तयारी कंपनीने दाखवली. धोका काय होता, हे मात्र साध्या शब्दांत सांगितले नाही. काही महिन्यांनी ऑस्ट्रेलियात याच फोनबाबत निघालेल्या सुरक्षा सूचनेत आगीचा धोका लिहिलेला होता. जुलैमध्ये पिक्सेल ६ए ची पाळी आली. चारशे वेळा चार्ज झाल्यावर क्षमता कमी करणारे सक्तीचे अपडेट. या वेळी अति तापण्याचा धोका उघड सांगितला गेला. तेवढी सुधारणा झाली, हे मान्य करायला हवे.

त्याच जानेवारीत, २३ तारखेला, ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले की आयओएस १८ च्या अपडेटनंतर आयफोनच्या कामगिरीत बिघाड झाल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस दिली आहे. योगायोग असा की ही तारीखही २३ जानेवारीच, आयओएस १०.२.१ ला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवसाची.

युरोपने यावर जो नियम केला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळच्या ऐंशी टक्के क्षमतेची असली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट मिळाली पाहिजेत. त्याच नियमात आणखी एक कलम आहे: अपडेटमुळे जाहीर केलेले गुण खालावता कामा नयेत, आणि खालावणार असतील तर वापरणाऱ्याची आधी स्पष्ट संमती घ्यावी. संमती दिली नाही म्हणून फोनच्या कामगिरीत फरक पडू देऊ नये. २०१७ मध्ये जे घडले त्याला हे थेट उत्तर आहे. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने मोबाइलसारख्या वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचा निर्देशांक छापावा, अशी शिफारस केली. चांगली पावले आहेत. पण दुरुस्तीच्या निर्देशांकाने अपडेटचा प्रश्न सुटत नाही. हे अपडेट घेतल्यावर जुन्या फोनची बॅटरी किती चालेल, हे बटण दाबण्याआधी मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत समोर आले पाहिजे. भारताने युरोपचे ते संमतीचे कलम आपल्या नियमांत जसेच्या तसे घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

दालमंडीत मामांच्या फोनला नवी बॅटरी बसायला चाळीस मिनिटे लागली. जुनी फुगलेली बॅटरी कारागिराने कचऱ्यात टाकली नाही. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवली. संध्याकाळी आरतीच्या वेळी मामांनी त्याच फोनवर वीस मिनिटांचे चित्रण केले आणि फोन मध्येच विझला नाही. अपडेट अजूनही त्यावर तेच आहे.

वाचकांना एक विनंती. अपडेटनंतर फोन वेगळा वागू लागला तर तीन-चार दिवस थांबा, मग बॅटरीची तब्येत तपासून घ्या. दोष बहुधा तिथेच सापडेल. तिथे नसेल तर अपडेटची तारीख आणि आवृत्तीचा आकडा वहीत लिहा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जानेवारी २०२५ ची ती नोटीस याच हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींतून निघाली होती.